धाकट्या पडद्याचा आधार

घरोघरी दूरचित्रवाणी आली की चित्रपटगृहे ओस पडतात, हा अनुभव पुष्कळ देशांचा. ब्रिटनमध्येही तेच झाले. १९४६ साली तिथे चित्रपटांची दीडशे कोटींहून अधिक तिकिटे खपली होती. १९८४ मध्ये हा आकडा साडेपाच कोटींच्या आसपास घसरला. आणि गंमत पाहा श्रोतेहो, ज्या दूरचित्रवाणीवर धंदा बुडवल्याचा आळ, तिच्याच एका वाहिनीने ब्रिटिश चित्रपटाला हात दिला!

ही वाहिनी म्हणजे 'चॅनल फोर'. २ नोव्हेंबर १९८२ रोजी ती सुरू झाली. मालकी सार्वजनिक, पण खर्च जाहिरातींच्या उत्पन्नातून, अशी तिची घडण. कार्यक्रम स्वतः बनवायचे नाहीत, बाहेरच्या निर्मात्यांकडून करवून घ्यायचे, हा तेव्हाचा दंडक. पहिले प्रमुख जेरेमी आयझॅक्स यांनी कथात्मक कार्यक्रमांचा विभाग डेव्हिड रोझ यांच्याकडे सोपविला, आणि पहिल्याच रात्री स्टीफन फ्रिअर्स यांचा 'वॉल्टर' हा चित्रपट प्रेक्षकांनी घरबसल्या पाहिला.

घरबसल्या का? तर चित्रपटगृहांच्या मालकांची अट आडवी येई. चित्रपटगृहात लागलेला चित्रपट तीन वर्षे दूरचित्रवाणीवर दाखवायचा नाही, असा त्यांचा आग्रह. पैसे घातलेल्या वाहिनीने इतके दिवस थांबावे तरी कसे? ही कोंडी फोडायला मदत झाली ती १९८५ च्या 'माय ब्यूटिफुल लाँड्रेट'ची. सुमारे साडेसहा लाख पौंडांत, सोळा मिलिमीटरच्या फितीवर, दूरचित्रवाणीसाठी म्हणून केलेला हा चित्रपट. लंडनमधला एक पाकिस्तानी वंशाचा तरुण, त्याचा गोरा मित्र, त्यांचे कपडे धुण्याचे दुकान आणि त्या दोघांचे प्रेम. अशा गोष्टीवर कोणता सावकार पैसे लावणार हो? पण एडिनबरोच्या महोत्सवात तिचे कौतुक झाले, ती चित्रपटगृहांत लागली, आणि लेखक हनीफ कुरेशी यांच्या पटकथेला ऑस्करचे नामांकनही मिळाले.

याच १९८५ साली सरकारने तिकिटांवरची 'एडी लेव्ही' ही पट्टी रद्द केली. तिच्यातला वाटा निर्मात्यांना मिळत असे. १९४९ पासूनचे चित्रपट वित्त महामंडळही गुंडाळण्यात आले. म्हणजे सरकारी आधार आखडला, त्या वेळी वाहिनीचा आधार उभा होता.

हा आधार मिळतो कसा? आधी लेखकाला पटकथा लिहिण्यासाठी पैसे. मग चित्रपट दाखविण्याचा हक्क आगाऊ विकत घ्यायचा, शिवाय भांडवलात भागी घालायची. एकाने शब्द दिला की उरलेली रक्कम गोळा करणे निर्मात्याला सोपे जाते. नफा झाला तर वाहिनीला वाटा. बुडाला तर निदान दाखवायला चित्रपट हाती राहतो.

मुंबईचाही याच्याशी संबंध आहे बरं का! १९८८ च्या मीरा नायर यांच्या 'सलाम बॉम्बे!'मध्ये आपले राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ आणि दूरदर्शन यांच्याबरोबर चॅनल फोरचाही पैसा होता. रस्त्यावरच्या पोरांच्या त्या कथेला कान महोत्सवात 'कॅमेरा दोर' मिळाला.

पुढे 'फोर वेडिंग्ज अँड अ फ्युनरल' (१९९४) आणि 'ट्रेनस्पॉटिंग' (१९९६) गाजले, आणि यशाने मोठ्या उडीची हौस आली. १९९८ साली 'फिल्मफोर' ही स्वतंत्र कंपनी निघाली. ती मोठ्या खर्चाच्या चित्रपटांच्या मागे लागली, तोट्यात गेली, आणि २००२ मध्ये तिचा गाशा गुंडाळावा लागला. काम पुन्हा वाहिनीच्या छत्राखाली, लहान प्रमाणात सुरू झाले. त्यातूनच 'स्लमडॉग मिल्यनेअर'ला पैसा मिळाला. त्याचा अमेरिकेतील वितरक मध्येच बंद पडला, तो चित्रपटगृहांत लागतो की नाही अशी पाळी आली. पण २००९ मध्ये त्याने ८ ऑस्कर पटकावले.

२०२२ मध्ये सरकारने चॅनल फोर खाजगी मालकाला विकण्याचे ठरविले, आणि जानेवारी २०२३ मध्ये तो बेत सोडून दिला. वाद झाला तो फायद्यातोट्याइतकाच या कामाबद्दलही. भागधारकांना दरवर्षी नफा द्यावा लागणाऱ्या मालकाने एखाद्या नवख्या लेखकाच्या, लाँड्रीतल्या गोष्टीसाठी साडेसहा लाख पौंड काढून दिले असते का? सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या कोणत्याही संस्थेचा विचार करताना हा प्रश्न आपणही स्वतःला विचारायला हरकत नाही.