काच बसवणाऱ्याचा परवाना

विजेच्या कामाला परवानाधारक ठेकेदार लागतो, हे इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, कुठंही राहणाऱ्या मराठी माणसाला ठाऊक असतं. पण काच बसवणाऱ्यालाही परवाना? आज मी तुम्हाला अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात नेतो. तिथं तो लागतो.

आधी कारण बघू. दुकानाची मोठी दर्शनी काच नुसती चौकटीत सरकवत नाहीत. तिच्या खालच्या कडेखाली रबराचे ठोकळे ठेवावे लागतात, चारी बाजूंना फट सोडावी लागते. उन्हानं काच आणि धातू सारखे वाढत नाहीत; फट नसेल तर काच तडकते. पण एकदा पट्टी लागली की हे सगळं झाकलं जातं. गिऱ्हाईक तपासणार काय? म्हणून बसवणाऱ्याचा हातच आधी तपासायचा.

ही व्यवस्था एका दिवसात उभी राहिली नाही. १९२९ मध्ये कॅलिफोर्नियानं ठेकेदारांच्या परवान्याचं खातं काढलं. १९३८ मध्ये परीक्षा सक्तीची झाली. १९४७ पर्यंत अनुभवाचे निकष आणि कामांचे वर्ग ठरवायचे अधिकार मंडळाकडे आले. आज काचकामाचा वर्ग आहे सी-१७. त्यासाठी गेल्या दहा वर्षांत किमान चार वर्षं पक्क्या कारागिराच्या दर्जाचा अनुभव हवा, कायदा-व्यवहार आणि कारागिरी अशा दोन परीक्षा, शिवाय २५,००० डॉलरचा हमीरोखा. जाहिरातीतही परवाना क्रमांक छापावा लागतो.

आता खरी मेख सांगतो. परवाना नसलेल्यानं काम कितीही उत्तम केलं, तरी मजुरीसाठी त्याला कोर्टात दाद मागता येत नाही. १९९१ मध्ये पाम स्प्रिंग्जच्या एका जलक्रीडा उद्यानाचा खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. लाटांची यंत्रणा बसवणाऱ्या न्यूयॉर्कच्या कंपनीकडे परवाना नव्हता. पैसे द्यायचं खोटं वचन देऊन आम्हाला फसवलं, असं तिचं म्हणणं होतं. तरीही न्यायालयानं तिची मागणी नाकारली. पुढे २००१ च्या दुरुस्तीनं तर दिलेले पैसेही परत मागायचा हक्क मालकाला मिळाला.

हे निर्दय नाही का? आहे. लबाड मालकाला यात फुकट काम मिळू शकतं, आणि हातात कसब असूनही कागद नसलेला गरीब कारागीर मार खातो. तरी मला हा कायदा समजतो. काच निखळली तर ती फुटपाथवरून जाणाऱ्याच्या अंगावर पडते, आणि त्या माणसानं ना ठेकेदार निवडलेला असतो, ना भाव ठरवलेला. त्याच्या बाजूनं बोलायला करारात कुणीच नसतं. माझ्या मते परवाना आहे तो त्याच्यासाठी.

तेव्हा पुढच्या वेळी दुकानाला काच बसवून घ्याल, तेव्हा भाव विचारण्याआधी एवढंच विचारा: खाली ठोकळे कुठं ठेवणार, आणि फट किती सोडणार?