कपाळ व भुवई उत्थापन शस्त्रक्रिया

वयोमानाने किंवा विकाराने सैल पडून खाली उतरलेले कपाळ व भुवया वर उचलून स्थिर करण्याच्या शस्त्रक्रियेस ‘कपाळ व भुवई उत्थापन’ म्हणतात. सुघटन (प्लॅस्टिक) शस्त्रक्रियेच्या या शाखेचा इतिहास सु. शंभर वर्षांचा आहे. या काळात तिचे तंत्र बदलले, तसेच तिच्याकडून काय अपेक्षावे याविषयीची समजूतही बदलत गेली.

शरीररचना : कपाळावरील उभ्या तंतूंचा ललाटस्नायू भुवया वर उचलतो, तर दोन भुवयांमधील व डोळ्यांभोवतालचे स्नायू त्या खाली ओढतात. कपाळावरील आडव्या रेषा पहिल्याच्या, तर भुवयांमधील उभ्या आठ्या दुसऱ्या गटातील स्नायूंच्या आकुंचनाने पडतात. भुवईच्या बाहेरील टोकाला ललाटस्नायूचा आधार कमी असल्याने बहुधा तेच टोक आधी उतरते. परिणामी माणूस मनाने प्रसन्न असला, तरी थकलेला वा खिन्न दिसतो. भुवई फार उतरल्यास वरच्या बाजूचे दिसणेही अडते. आनन तंत्रिकेच्या (चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या) पक्षाघातात एकाच बाजूची भुवई उतरते.

इतिहास : फ्रेंच शस्त्रक्रियाविशारद रेमों पासो यांनी १९१९ मध्ये केसांच्या कडेजवळील त्वचेचे लहान लंबगोल तुकडे काढून सुरकुत्या ताणून घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पॅरिसमध्येच सुझान नोएल (१८७८–१९५४) या अशाच शस्त्रक्रिया करीत. पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांवर उपचार केलेल्या या डॉक्टरबाईंनी १९२६ मध्ये सौंदर्यशस्त्रक्रियेच्या सामाजिक कार्याविषयी ग्रंथ लिहिला. चेहऱ्यावर वय दिसू लागल्याने नोकरी जाण्याची धास्ती असलेल्या स्त्रिया त्यांच्याकडे येत. अशा रुग्णांची गरज ही केवळ हौस नसून उपजीविकेचा प्रश्न आहे, अशी नोएल यांची भूमिका होती.

त्याच वर्षी अमेरिकेतील एच. लायन्स हंट यांनी टाळूवरील केसांत आडवा छेद घेऊन कपाळ ताणण्याची पद्धत वर्णिली. मात्र या सर्व पद्धतींचा भर त्वचा कापण्यावर होता. आठ्या पाडणारे स्नायू व भुवईला हाडाशी बांधून ठेवणारे ऊतक तसेच राहत. त्यामुळे ताणलेली त्वचा पुन्हा सैल पडे आणि परिणाम फार काळ टिकत नसे.

१९६२ मध्ये मेक्सिकोचे मारिओ गोन्झालेस-उलोआ यांनी कपाळाच्या शस्त्रक्रियेची चेहरा उत्थापनाशी सांगड घातली. पुढील दोन दशकांत एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत डोक्यावरून छेद घेऊन कपाळाचे आवरण भुवयांपर्यंत सोडविणे, आठ्या पाडणारे स्नायू दुबळे करणे व जादा त्वचा काढणे ही पद्धत रूढ झाली. तिचा परिणाम टिकाऊ असला, तरी व्रण लांब राही, केसांची कड मागे सरके आणि छेदामागील भाग बधिर होई. कपाळ मुळातच उंच असलेल्यांना वा टक्कल पडणाऱ्यांना ती सोयीची नव्हती. १९९० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेतील लुईस व्हास्कोनेझ, निकॅनॉर इस्से इत्यादींनी अंतर्दर्शकाचा (शरीराच्या आत पाहण्याच्या नळीसारख्या उपकरणाचा) वापर सुरू केला. या पद्धतीत केसांतील लहान छेदांतून आतील बंध सोडवितात व सैल झालेले कपाळ वर सरकवून हाडाशी अडकवितात. त्वचा बहुधा काढावी लागत नाही.

कॅनडातील जीन व अ‍ॅलस्टेर कॅरुदर्स या दांपत्याने १९९२ मध्ये आठ्यांवरील बोट्युलिनम विषाच्या उपचाराचा निबंध प्रसिद्ध केला. अमेरिकेत या वापरास २००२ मध्ये मान्यता मिळाली. त्याचा परिणाम साधारणतः तीन-चार महिने टिकतो. तथापि फार उतरलेली भुवई त्याने वर येत नाही.

कुष्ठरोग व भुवई : भुवयांच्या शस्त्रक्रियेची एक वेगळी शाखा कुष्ठरोगाच्या संदर्भात वाढली. या रोगाच्या एका प्रकारात भुवयांचे केस गळतात व चेहऱ्याची त्वचा सैल पडते. रोग पूर्ण बरा झाला, तरी या खुणा राहतात आणि रुग्णाला घरी वा कामावर परतणे अवघड होते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील सुघटन शस्त्रक्रियातज्ञ डॉ. नोशीर अंटिया (१९२२–२००७) यांनी पुण्याजवळील कोंढवा येथील कुष्ठरुग्णालयात अशा विकृतींच्या दुरुस्तीचे काम केले. भुवई नव्याने करण्याच्या एका पद्धतीत कानशिलावरील केसाळ त्वचेची पट्टी तिच्या रोहिणीसह मोकळी करून त्वचेखालून भुवईच्या जागी आणतात. तिच्यावरील केस डोक्याच्या केसांप्रमाणेच वाढत असल्याने ते नियमित कापावे लागतात. एवढ्या गैरसोयीच्या मोबदल्यात चेहऱ्यावरील रोगाची ओळख पुसट होते.

अपेक्षा व मर्यादा : शस्त्रक्रियेपूर्वी भुवई उतरली आहे की वरची पापणी, हे ठरविणे महत्त्वाचे असते. पापणी उतरलेले अनेक जण दिसावे म्हणून नकळत भुवया उंचावून ठेवतात. त्यांच्या कपाळावरील रेषांचे मूळ पापणीत असते. शस्त्रक्रिया शुद्धिहरण करून किंवा गुंगीच्या औषधासह जागा बधिर करून करतात. नंतर डोळ्यांभोवती सूज व काळेनिळेपणा येतो. तो बहुधा दोन आठवड्यांत ओसरतो. टाळूचा बधिरपणा व खाज काही महिने राहू शकते. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, व्रणालगत केस गळणे, दोन भुवया असमान होणे व क्वचित तंत्रिकेस इजा होऊन भुवई हलविता न येणे हे धोके आहेत. भुवया अतिशय उंच नेल्यास चेहरा कायम चकित झाल्यासारखा दिसतो. गालावरील वा डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या या शस्त्रक्रियेने जात नाहीत. वय वाढण्याची क्रिया चालूच राहत असल्याने काही वर्षांनी भुवया पुन्हा थोड्या उतरतात. म्हणून शस्त्रक्रियेने काय साधेल व काय साधणार नाही, हे रुग्णाला आधी स्पष्ट सांगणे हा उपचाराचाच भाग मानला जातो.