कांगॉचे तिघे आणि न झालेला लष्करप्रमुख

लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांचे नाव निघाले की कोल्हापूरकडची जुनी माणसे हळहळतात, ‘त्यांना लष्करप्रमुख केले असते, तर बासष्ट घडले नसते.’ या वाक्यात अभिमान आहे, तसा इतिहासावर थोडा अन्यायही आहे.

सँडहर्स्टमध्ये शिकून १९२६ साली थोरात अधिकारी झाले. हिंदी तरुणांना तिथे मोजक्याच जागा होत्या. पुढे ते १/१४ पंजाब पलटणीत गेले. हिंदी अधिकाऱ्यांसाठी निवडलेल्या आठ पलटणींपैकी ही एक. हाताखाली गोरा अधिकारी येऊ नये, हा या योजनेमागचा एक हिशेब होता. याच पलटणीत अयूबखानही होते. अशा चौकटीत बढतीची गती मंद असे. ती मोडली महायुद्धाने.

जानेवारी १९४५. ब्रह्मदेशातील आराकान किनाऱ्यावरील कांगॉ. ५१व्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख हिंदी होते : थिमय्या, एल. पी. सेन आणि २/२ पंजाबचे थोरात. ‘मेलरोज’ नावाची टेकडी थोरातांच्या पलटणीने जिंकली. तिघांनाही डीएसओ मिळाला. हिंदी माणूस पलटण लढवू शकेल का, या शंकेला हे उत्तर होते.

१९५३मध्ये कोरियात २२ हजारांहून अधिक युद्धकैद्यांचा ताबा भारतीय दलाकडे आला. त्या दलाचे प्रमुख होते थोरात. कैद्यांनी एका भारतीय मेजरला ओलीस धरले, तेव्हा ते स्वतः कुंपणाच्या आत गेले आणि गोळी न झाडता त्याला सोडवून आणले.

१९५७मध्ये ते पूर्व विभागाचे सेनापती झाले. ऑक्टोबर १९५९मध्ये त्यांनी नेफाच्या संरक्षणाचा आराखडा वर पाठवला. सीमेवरच्या चौक्या इशारा देण्यापुरत्या ठेवाव्यात. खरी लढाई मागे, जिथे आपली रसद पोहोचते तिथे द्यावी, हे त्याचे सार. मार्च १९६०मध्ये लखनौला ‘लाल किल्ला’ या सरावात त्यांनी तेच मांडले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना चिनी धोक्याची ही भाषा पटली नाही.

मे १९६१मध्ये थिमय्या निवृत्त झाले. त्यांची पसंती थोरातांना होती. नेमणूक थापर यांची झाली. मात्र सेवाज्येष्ठतेत थापर वर होते, हे आपल्याकडे सांगितले जात नाही. थोरातांच्या जागी, पूर्व विभागावर, आले कांगॉचेच सेन. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात से ला आणि बोमदिला पडले, तेव्हा त्या विभागाचे प्रमुख तेच होते.

म्हणून मला ‘थोरात असते तर’ हा प्रश्न अपुरा वाटतो. सेनही रणांगणावर सिद्ध झालेलेच होते. शौर्य दोघांकडे होते. थोरातांच्या आराखड्याला जादा सैन्य हवे होते, रस्ते हवे होते. ते देणे एकट्या लष्करप्रमुखाच्या हाती नव्हते. हुकले ते केवळ एका मराठी माणसाचे पद नव्हे. तीन वर्षे आधी लिहिलेला एक कागद वाचूनही कुणी मानला नाही, हे अधिक गंभीर आहे.

पराभवानंतर नेहरूंनी थोरातांना बोलावून घेतले. तोवर चौक्या गेल्या होत्या आणि माणसेही.

थोरात १९९२मध्ये वारले. त्यांचे स्मरण करताना हळहळ थोडी कमी करावी आणि तो कागद थोडा अधिक वाचावा, एवढेच म्हणणे.