डोळ्यांना दिसेल तेवढंच

भाजी निवडणं हे आपल्याला घरातलं साधं काम वाटतं. जुडी सोडायची, पिवळी पानं काढायची, अळी दिसली तर टाकून द्यायची, झालं. धर्मनिष्ठ ज्यू घरात मात्र हे काम धर्माचरणाचाच भाग असतं.

त्यांच्या 'तोरा'मध्ये, 'लेवीय' या ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात, सरपटणारे-वळवळणारे जीव खायला मनाई आहे. अपवाद फक्त काही टोळांचा. पुढे 'तालमूद'च्या पंडितांनी हिशेबच मांडला. मुंगी खाल्ली तर पाच मनाया मोडतात, गांधीलमाशी खाल्ली तर सहा! निषिद्ध पदार्थाचा थेंब साठपट अन्नात पडला, तर तो बहुधा नसल्यासारखा धरतात. अख्खा किडा मात्र हजारपटीतही विरत नाही. म्हणून पीठ चाळायचं, डाळ-तांदूळ पसरून निवडायचे, पान न् पान उजेडासमोर धरायचं.

पण बघणाऱ्याची नजरच अधू असेल तर? वल्हांडणाच्या रात्री इजिप्तमधल्या गुलामीची आठवण म्हणून कडू भाजी खातात. लेट्यूस हा तिचा मानाचा प्रकार, पण त्या दिवसांत त्याच्या पानांवर बारीक किडे असतात. प्रेसबर्ग, म्हणजे आजचं ब्रातिस्लाव्हा, इथले धर्मगुरू मोशे सोफेर (१७६२–१८३९) यांनी सांगितलं की, नीट पारखून बघणारं कोणी नसेल, तर लेट्यूस सोडा आणि हॉर्सरॅडिश नावाचं झणझणीत मूळ खा.

खरा पेच आणला सूक्ष्मदर्शकानं. १६७०च्या दशकात हॉलंडच्या लेवेनहूकला पाण्याच्या थेंबात असंख्य जीव दिसले. मग पाणी प्यायचं तरी कसं? आजच्या बेलारूसमधल्या नोवोग्रुदोकचे धर्मगुरू येखिएल मिखेल एपस्टाइन (१८२९–१९०८) यांनी याचं उत्तर दिलं. उघड्या डोळ्यांना जे दिसत नाही, त्याला ही मनाई लागू नाही. धर्माचा कायदा माणसांसाठी आहे, देवदूतांसाठी नाही, असा त्यांचा आशय होता.

यावर वाद मिटावा ना? पण २००४ साली न्यूयॉर्कच्या नळाच्या पाण्यात कोपेपॉड नावाचे कोळंबीच्या कुळातले जीव आढळल्याची चर्चा सुरू झाली. जेमतेम मिलिमीटरभर लांबीचे, आरोग्याला निरुपद्रवी. डोंगरांतल्या जलाशयांमधून येणारं ते पाणी गाळलेलं नसे. अडचण अशी की, हे जीव नुसत्या डोळ्यांना पांढऱ्या ठिपक्यासारखे दिसतात; तो जीव आहे हे सांगितल्यावरच कळतं. मग याला दिसणं म्हणायचं की नाही? काही धर्मगुरूंनी गाळणी बसवायला सांगितलं, काहींनी पाणी आहे तसं चालेल म्हटलं. एकमत झालं नाही.

हा वाद नुसता ग्रंथांतला नव्हता. गाळणीला पैसे पडतात आणि पान न् पान बघायला वेळ लागतो. नियम एक पायरी कडक झाला, की त्याचा भार स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या माणसावर पडतो, आणि तिथे बहुधा घरातली बाईच असते. एपस्टाइन यांनी डोळ्यांची हद्द घालून दिली, ती अशा माणसाला झेपेल एवढ्यासाठीच.