भांड्यांत जपलेला धर्म

कोकणातल्या बेने इस्रायल समाजात एका सणाचे जुने मराठी नाव होते ‘अनाशी ढाकाचा सण’. अनास म्हणजे तोंडी लावायच्या आंबट पदार्थाची बरणी. सणाचे आठ दिवस ती झाकून ठेवायची, म्हणून हे नाव. हा सण म्हणजे यहुद्यांचा पेसाख. हजरत मूसा अलैहिस्सलाम यांनी बनी इसराईलला मिसरच्या गुलामीतून बाहेर काढले, त्याची ही आठवण. या दिवसांत आंबवलेल्या पिठाचे काही खायचे नाही, असा तौरातचा हुकूम आहे. कोकणात शतकानुशतके ना तौरातची प्रत होती, ना शिकवणारा आलिम. मिसरची कहाणी विस्मरणात गेली, पण बरणी झाकायची हे घरातल्या बायका विसरल्या नाहीत.

ही माणसे नवगाव-अलिबागच्या परिसरातली. मराठी बोलणारी, तेलाचे घाणे चालवणारी. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. आडनावे गावांवरून पडली: केहिमकर, दिवेकर, पेणकर. त्यांच्यात एक कथा सांगतात. दावीद रहाबी नावाचा यहुदी विद्वान कोकणात आला. हे लोक खरेच आपले का, हे पाहायला त्याने बायकांसमोर निरनिराळे मासे ठेवले. त्यांनी खवले आणि पर नसलेले मासे बाजूला काढले. रहाबीची खात्री पटली. धर्माची परीक्षा चुलीपुढे झाली आणि ती बायकांनी दिली. पुढे रहाबीने त्यांच्यातून धर्मकार्यासाठी जे लोक नेमले त्यांना ‘काजी’ म्हणत. 1796 साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत मांडवी भागात पहिले प्रार्थनागृह बांधले, त्यालाही हा समाज ‘मशीद’च म्हणायचा.

मग भांड्यांकडे येऊ. यहुदी शरियतमध्ये मांस आणि दूध एकत्र चालत नाही, म्हणून धर्म कसून पाळणाऱ्या घरात दोन्हींची ताटे, वाट्या, पातेली वेगळी. पेसाखसाठी आणखी वेगळी. तौरातमध्ये कुर्बानीचे मांस शिजवण्याबद्दल नियम आहे: मातीचे भांडे असेल तर ते फोडायचे, तांब्याचे असेल तर घासून धुवायचे. यामागचे कारण आपल्याकडच्या कोणत्याही स्वयंपाकघरात कळते. ज्या मडक्यात रोज दही लावतात, त्यात पुढे विरजण कमी घातले तरी दूध आंबते. माती पितो ते सोडत नाही. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला ग्रामोदय संघाने मातीकामाची मोठी परंपरा उभी केली. तिथे साधी भाजलेली माती आणि वरून काचेसारखी झिलई दिलेली चिनीमाती हातात घेऊन पाहिली की फरक लगेच जाणवतो. तरीही यहुदी फिकहमध्ये झिलईची चिनीमाती बहुतेक मातीतच धरतात. म्हणूनच आज जगभर यहुदी घरांसाठी हाताने घडवलेली चिनीमातीची भांडी बनतात, दूध आणि मांसाची ताटे बहुधा रंगावरून ओळखू येतात. पेसाखच्या जेवणाचे सहा खळग्यांचे ताट असते. त्यात कडू पाला असतो, गुलामीची आठवण म्हणून.

कोकणातल्या घराला इतकी ताटे कुठून परवडणार? तिथे तांबे कामी आले. पेसाखच्या आधी घराला चुना लागे आणि तांब्याच्या भांड्यांना कल्हई होई. आमच्या लहानपणी गल्लीत कल्हईवाले चाचा यायचे. भाता फुंकायचे, कथील फिरवायचे, नवसागराचा धूर उठायचा आणि काळवंडलेले पातेले आतून चांदीसारखे निघायचे. त्या एका पुसण्यात तौरातचा हुकूमही पाळला जाई, हे मला पुष्कळ वर्षांनी वाचून कळले.

बेने इस्रायलांचे सर्वांत लाडके ताट मात्र मलिद्याचे. भिजवलेले पोहे, गूळ, ओले खोबरे आणि वर फळे. नवस फेडताना, लग्नाच्या वेळी, घरात काही चांगले घडले की एलियाहू हन्नाबींच्या नावाने हे ताट मांडतात. अलिबागजवळ खंडाळ्याला एक खडक आहे, त्यावर त्यांच्या रथाची खूण आहे अशी त्यांची श्रद्धा. हे एलियाहू म्हणजे आपले हजरत इल्यास अलैहिस्सलाम. आणि मलिदा हा शब्द आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. आपल्याकडे तो रोटी कुस्करून गूळ-तुपात करतात, नियाजला. पदार्थ वेगळा, नाव एकच, फारसीतून आलेले.

भांडी वेगळी म्हणजे मनेही वेगळी, असे हल्ली फार सहज मानले जाते. याविषयी आपल्याकडे एक स्पष्ट हदीस आहे. हजरत अबू सालबा खुशनी रजि. यांनी रसूलुल्लाह ﷺ यांना विचारले, आम्ही अहले-किताबच्या मुलखात राहतो, त्यांच्या भांड्यांत खावे का? उत्तराचा आशय असा: दुसरी मिळत असतील तर त्यांत खाऊ नका, नसतील तर धुऊन त्यांत खा. म्हणजे पथ्य राहिले आणि शेजारही राहिला. कुरआनने तर सूरह माइदामध्ये अहले-किताबचे अन्न हलाल सांगितले आहे.

मी वर्गात मुलांना विचारते तेव्हा ‘यहुदी’ म्हणजे त्यांना फक्त युद्धाच्या बातम्या आठवतात. गाझाचे दुःख खरे आहे आणि त्याबद्दल बोललेच पाहिजे. पण पोह्यांचा मलिदा करणारी, काजी आणि मशीद म्हणणारी, मराठी बोलणारी ही माणसेही खरी आहेत. 1948 नंतर त्यांतले बहुतेक इस्रायलला गेले, तिथेही ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघाले. महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला, तोवर इथे थोडेच उरले होते.

‘अनाशी ढाकाचा सण’ हे नाव आज आपल्याला माहीत आहे, कारण हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी 1897 च्या सुमारास आपल्या समाजाचा इतिहास लिहिताना स्वयंपाकघरातले शब्दही टिपले. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुस्लिम घरांतल्या देग, लगन, तबक, सेनी यांची नावे कोणी टिपली आहेत? स्टील आणि प्लास्टिक आले, कल्हईवाले गेले, शब्दही निघाले आहेत. आपण मराठी आहोत का, असा प्रश्न अधूनमधून आपल्याला विचारला जातो. त्याचे उत्तर भाषणात शोधण्यापेक्षा घरातल्या दादी-नानीला विचारा, नियाजचे ताट कसे मांडायचे, कशात मांडायचे, त्या भांड्याला काय म्हणायचे. आणि ती सांगेल त्या शब्दांत लिहून ठेवा.