निरोप, नोंद आणि हातातले यंत्र : सावित्री खोऱ्यात स्मार्टफोनची गरज किती?

१/
स्मार्टफोन खरोखर गरजेचा आहे का, हा प्रश्न बहुधा शहरी सवयींवरून विचारला जातो. तोच प्रश्न रायगड जिल्ह्यातील महाड आणि पोलादपूर या तालुक्यांत विचारला, तर उत्तरासाठी साडेतीनशे वर्षे मागे जावे लागते. महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री पोलादपूर आणि महाडवरून बाणकोटच्या खाडीकडे जाते. खोऱ्याच्या एका अंगाला रायगड, दुसऱ्या अंगाला प्रतापगड आणि मध्ये घाट, दऱ्या, विखुरलेल्या वाड्या. येथे निरोप वेळेवर पोहोचणे कधीच सोपे नव्हते.

२/
पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे तानाजी मालुसरे यांचे गाव. त्यांची समाधीही तेथेच आहे. फेब्रुवारी १६७० मध्ये कोंढाणा घेतल्याची हकीकत सभासद बखरीत आली आहे. गडावरच्या पागेच्या खणांना आग लावण्यात आली. तो उजेड शिवाजी महाराजांनी राजगडावरून पाहिला आणि गड हाती आल्याचे ओळखले. तानाजी कामास आल्याची वार्ता मात्र दुसऱ्या दिवशी जासुदाकडून आली.

३/
या एका प्रसंगात संदेशवहनाची दोन साधने दिसतात. आगीला वेग होता, पण आधी ठरलेली एकच गोष्ट ती सांगू शकत होती. जासूद सावकाश येई, पण तपशील आणी. शत्रूने वाट अडवली तर जासूद अडे आणि धुके दाटले तर उजेड दिसत नसे. म्हणून स्वराज्याची व्यवस्था कोणत्याही एकाच साधनावर विसंबून नव्हती. पुढच्या प्रत्येक काळासाठी हे निरीक्षण लक्षात ठेवावे.

४/
एकोणिसाव्या शतकात डाक घेऊन धावणारा हरकारा आला, मग तार आली. १८५५ मध्ये भारतातील तारसेवा सामान्य जनतेसाठी खुली झाली. १८८० मध्ये टपाल खात्याने मनीऑर्डर सुरू केली. पुढे मुंबईच्या गिरण्यांत राबणारा चाकरमानी पगारातला वाटा गावी पाठवू लागला आणि पोस्टमन ती रक्कम उंबऱ्यावर मोजून देऊ लागला. कोकणच्या अर्थकारणाला ‘मनीऑर्डरवर चालणारे’ असे म्हटले गेले, ते उगाच नव्हे.

५/
या साधनांचे एक वैशिष्ट्य सहज नजरेतून सुटते. तार मिळण्यासाठी घरात तारयंत्र असावे लागत नसे. मनीऑर्डर घेण्यासाठी अक्षरओळखही सक्तीची नव्हती, अंगठा उमटवला तरी चाले. यंत्र, त्याची दुरुस्ती, ते चालवण्याचे शिक्षण आणि शेवटच्या वाडीपर्यंतची पायपीट हा सारा भार संस्थेने उचललेला होता. नागरिकाला फक्त आपले नाव आणि गाव सांगता यावे लागे.

६/
छापील पत्रक आणि पायपीट यांचे सामर्थ्य महाडने १९२७ मध्ये पाहिले. १९ व २० मार्च रोजी भरलेल्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेला हजारो लोक आले. रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी गावोगाव तो निरोप नेला होता. २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोक चवदार तळ्यावर गेले आणि तळ्याचे पाणी प्याले.

७/
याच घटनेची दुसरी बाजू आजच्या प्रश्नाला भिडते. १९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असल्याचे मान्य केले होते. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तसा ठरावही केला. तरी तळे प्रत्यक्षात खुले झाले नव्हते. सत्याग्रहानंतर नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला आणि उच्च न्यायालयाचा निर्णय येण्यास १९३७ साल उजाडले. जातीच्या बहिष्काराची तुलना फोन नसण्याशी होऊ शकत नाही. तो अन्याय वेगळ्याच जातीचा आणि कितीतरी खोल होता. पण कागदावर खुले असणे आणि प्रत्यक्षात पोहोचता येणे यांतील अंतर मोजण्याची शिकवण महाडनेच दिली आहे.

८/
दूरध्वनी खेडोपाडी पोहोचला, तोही सामायिक रूपात. १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली आणि देशी बनावटीची टेलिफोन केंद्रे उभी राहू लागली. पाठोपाठ एसटीडी-पीसीओच्या पिवळ्या पाट्या बाजारपेठांत दिसू लागल्या. मुंबईहून फोन येई, दुकानदार निरोप घेई आणि कोणीतरी तो वाडीवर पोहोचवी. यंत्र एक, वापरणारी घरे अनेक.

९/
३१ जुलै १९९५ रोजी भारतातील पहिला मोबाइल संवाद झाला. पुढच्या वीस वर्षांत जुनी साधने एकामागून एक मिटत गेली. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली. २०१५ मध्ये पारंपरिक मनीऑर्डर थांबली. पीसीओच्या पाट्या उतरल्या. हे सारे अन्यायाने घडले असे नाही. लोकांनी स्वतःच अधिक सोयीचे साधन निवडले होते. मात्र सामायिक यंत्राची जागा आता प्रत्येकाच्या खिशातील यंत्राने घेतली. त्याची किंमत, रिचार्ज, चार्जिंग आणि ते वापरण्याचे ज्ञान यांचा भार संस्थेकडून माणसाकडे सरकला.

१०/
मग संकटकाळी हे यंत्र किती उपयोगी पडले? २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावरील सावित्रीचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी गाड्यांसह काही वाहने वाहून गेली आणि सुमारे चाळीस जणांचा बळी गेला. तोवर मोबाइल सर्वत्र पोहोचले होते. पण पुढे पूल नाही, ही बातमी त्या क्षणी कोणत्याही पडद्यावर उमटणे शक्य नव्हते. तेथे हवा होता पाणी आणि पूल यांवर नजर ठेवणारा माणूस आणि वाहतूक वेळीच थांबवण्याचा अधिकार.

११/
जुलै २०१८ मध्ये पोलादपूरच्या आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली. एक वगळता सर्व प्रवासी दगावले. वाचलेला एकमेव प्रवासी दरी चढून वर आला, तेव्हा जगाला खबर मिळाली. कोंढाण्याहून निघालेल्या जासुदाप्रमाणे येथेही वार्ता आधी पायांनी वर आली.

१२/
२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. त्याच सुमारास पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडी कोसळल्या. महाड शहर पुराने वेढलेले, रस्ते खचलेले, वीज गेलेली, मोबाइल संपर्क तुटलेला. मदत पोहोचण्यात मोलाचे तास गेले. टॉवरला वीज लागते आणि फोनलाही. दोन्ही गेल्यावर सर्वांत महागडा स्मार्टफोन केवळ काचेचा तुकडा उरतो.

१३/
यानंतर अवघ्या साडेतीन आठवड्यांनी, १५ ऑगस्ट २०२१ पासून, महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी तलाठी सातबाऱ्यावर पिकाची नोंद करीत असे. आता शेतकऱ्याने बांधावर उभे राहून, ॲपमधून छायाचित्रासह ती स्वतः करावी अशी अपेक्षा निर्माण झाली. तलाठ्यावरील अवलंबन कमी होणे हा खरा लाभ होता. पण डोंगरउतारावर भात आणि नाचणीचे तुकडे कसणाऱ्या, साधा फोन बाळगणाऱ्या वृद्ध शेतकऱ्यापुढे नवा प्रश्न उभा राहिला. नोंद नसेल तर पीकविमा आणि नुकसानभरपाई मिळताना अडचण येते. पुढे मदतीसाठी गावपातळीवर सहायक नेमावे लागले. यंत्र थेट खिशात गेल्यावरही मधला माणूस परत आणावा लागला, तो असा.

१४/
त्याच वर्षी लसीकरणातही हेच दिसले. १८ ते ४४ वयोगटासाठी आरंभी कोविन संकेतस्थळावरील नोंदणी आवश्यक होती. सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल दरीवर बोट ठेवले आणि सरकारने केंद्रावर थेट नोंदणीची वाट मोकळी केली. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने साध्या फोनसाठी ‘यूपीआय १२३पे’ आणले. दुसरे दार ठेवायचे ठरवले तर ते बांधता येते, याचे हे दोन पुरावे.

१५/
स्मार्टफोनचे मोल नाकारण्याचे कारण नाही. सातबारा पाहण्यासाठी तालुक्याची खेप वाचते. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचे ‘दामिनी’ ॲप विजेच्या धोक्याची पूर्वसूचना देते. मुंबईतील मुलाचा चेहरा गावातल्या आईला रोज दिसतो. यांतील काही गोष्टी सोयीच्या आहेत, काही जीव वाचवणाऱ्या. परंतु एसएमएसचा इशारा साध्या फोनवरही येतो, भोंगा फोनशिवाय ऐकू येतो आणि दवंडीला नेटवर्क लागत नाही.

१६/
म्हणून ‘गरज’ हा शब्द जपून वापरावा लागतो. माणसाची मूळ गरज तीन गोष्टींची आहे : निरोप पोहोचावा, धोका वेळेत कळावा आणि आपला हक्क दप्तरी नोंदला जावा. त्यासाठी स्मार्टफोन हे उत्तम साधन आहे. ते अनिवार्य ठरते ते बाकीची दारे बंद होतात तेव्हा, आणि दार बंद करणे हा यंत्राचा गुण नसून माणसांचा निर्णय असतो.

१७/
कोंढाण्यावरचा जाळ आणि दुसऱ्या दिवशीचा जासूद, दोघे मिळून ती वार्ता पूर्ण झाली होती. पावसाळ्यात महाड-पोलादपूरच्या दरडप्रवण वाड्यांसाठी आराखडा आखताना ॲपच्या जोडीला वायरलेस, भोंगा आणि रात्री जागणारा गावकरी यांची नावे लिहिलेली आहेत का, हे तपासणे म्हणजे भूतकाळाचा हळवेपणा नव्हे. या खोऱ्याने ती किंमत एकदा नव्हे, अनेकदा मोजली आहे.

(धागा समाप्त)