सी, फोरट्रान आणि न सांगितलेली लांबी

परवा भाचीचा फोन आला होता. इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणाली, "मावशी, पायथॉनमध्ये एका ओळीत हजार समीकरणं सुटतात. पण आतमध्ये ती सोडवतं कोण?"

"तुझ्या आजीच्या पिढीतली एक बाई," मी म्हटलं. तिला वाटलं मी फिरकी घेतेय. पण खरंच, त्या एका ओळीखाली सीमध्ये लिहिलेला एक थर असतो आणि तो थर ज्या नावाने हाक मारतो ते नाव फोरट्रानच्या घरातलं आहे: डीजीईएसव्ही. डी म्हणजे दुप्पट अचूकतेचे आकडे, जीई म्हणजे कुठलाही साधा मॅट्रिक्स, एसव्ही म्हणजे सोडव. इतकं आखूड नाव का, तर जुन्या फोरट्रानमध्ये नाव सहा अक्षरांपेक्षा लांब चालत नसे.

फोनवर एवढंच सांगितलं. बाकीचं इथे लिहिते, कारण त्यात माझीही एक फजिती आहे.

फोरट्रान आली 1957 साली, आयबीएममध्ये, जॉन बॅकस आणि त्यांच्या चमूच्या हातून. पुढची वीस वर्षं आकडेमोड करणाऱ्या जगाने आपलं सगळं शहाणपण त्याच भाषेत साठवलं. 1979 साली डोंगारा, बंच, मोलर आणि स्ट्युअर्ट यांचं लिनपॅक पुस्तकरूपाने आलं. त्याच वर्षी लॉसन, हॅन्सन, किनकेड आणि क्रो यांचा ब्लास छापून आला. ब्लास म्हणजे मॅट्रिक्सच्या गणितातली रोजची किरकोळ कामं एकदाच नीट करून ठेवलेली. 1992 साली आलेल्या लापॅकने लिनपॅकची जागा घेतली. डीजीईएसव्ही त्यातलीच.

सी मात्र वेगळ्या घरातली. 1972 च्या सुमारास बेल लॅब्समध्ये डेनिस रिची यांनी ती घडवली ती युनिक्ससाठी. तिला समीकरणांशी काही देणंघेणं नव्हतं. पण युनिक्स पसरत गेलं, नवे प्रोग्रॅम सीमध्ये लिहिले जाऊ लागले आणि आकडेमोड करायची वेळ आली की सगळे फोरट्रानच्या दाराशी येऊन उभे राहू लागले.

सरळ सीमध्ये परत का नाही लिहिलं? तर अशा कोडमधली प्रत्येक बेरीज कुठल्या क्रमाने करायची, कुठे भागायचं, कुठे ओळींची अदलाबदल करायची, यामागे वर्षानुवर्षांची तपासणी असते. शिवाय फोरट्रानचा एक नियम आहे: रूटीन ज्या जागेत लिहिणार, ती जागा तिला दिलेल्या दुसऱ्या कुठल्या नावाखाली दडलेली असता कामा नये. त्या भरवशावर कंपायलर बिनधास्त वेग घेतो. सीमध्ये दोन पॉइंटर एकाच जागेकडे बोट दाखवू शकतात, म्हणून तिथे कंपायलर जपून पावलं टाकतो. "यांच्यात तसं काही नाही" असं त्याला सांगायची सोय प्रमाणित सीमध्ये 1999 साली आली.

मॅटलॅबचंच बघा. क्लीव्ह मोलर यांनी सत्तरच्या दशकाच्या शेवटी ते फोरट्रानमध्ये लिहिलं. 1984 साली ते सीमध्ये नव्याने लिहून विकायला आलं. आणि 2000 साली त्याच मॅटलॅबने आतमध्ये लापॅक घेतलं. माहेर सुटतंय कुठे!

या दोन घरांमधली बोलणी कशी व्हायची, हे बेल लॅब्समध्येच ठरलं. 1978 साली स्टुअर्ट फेल्डमन आणि पीटर वाइनबर्गर यांनी युनिक्सवरच्या फोरट्रान 77 कंपायलरबद्दल एक टिपण लिहिलं. त्यात नियम स्पष्ट दिलेत. फोरट्रानच्या रूटीनच्या नावापुढे एक अधोरेखा जोडायची, म्हणजे सीमधल्या त्याच नावाशी गल्लत होणार नाही. आकडा द्यायचा नाही, आकड्याचा पत्ता द्यायचा. मॅट्रिक्स मेमरीत उभा मांडायचा. आणि अक्षरं पाठवत असाल तर यादीच्या शेवटी त्यांची लांबीही पाठवायची. फोरट्रानमध्ये लिहिणाऱ्याला ही लांबी दिसत नाही, कंपायलर ती गुपचूप जोडतो. सीमधून हाक मारणाऱ्याला मात्र ती स्वतः द्यावी लागते.

यातल्या तिसऱ्या नियमाने माझा घात केला.

2003 च्या सुमारास मी पुण्यात एका लहान ऑफिसात होते. वाळवणीच्या भट्टीत उष्णता कशी पसरते याचा हिशेब आमच्याकडे होता. मी सीमध्ये मॅट्रिक्स भरायचे आणि लापॅकला द्यायचे. आता, आपण पाढे पाटीवर कसे लिहायचो? दोनचा पाढा वरून खाली, मग शेजारी तीनचा. फोरट्रान मॅट्रिक्स तसा ठेवते, रकान्यामागून रकाना. सी ठेवते पुस्तकातल्या मजकुरासारखा, ओळीमागून ओळ. मी सीच्या पद्धतीने भरला आणि तसाच पुढे ढकलला. म्हणजे आडव्याचं उभं झालं आणि मला पत्ताच नाही.

दोन महिने उत्तरं अगदी बरोबर येत होती! कारण नुसती उष्णता धातूतून पसरत असेल तर तो मॅट्रिक्स सममित असतो. आडवा वाचा की उभा, सारखाच. मग एक दिवस हिशेबात पंख्याची हवा घातली. हवा आली की सममिती गेली. प्रोग्रॅम कुठेही अडखळला नाही, एकही चूक दाखवली नाही, सुंदर रंगीत चित्र आलं. मी ते आमच्या सरांना दाखवलं. सरांचं उमेदीतलं आयुष्य पंच कार्डांवर फोरट्रान लिहिण्यात गेलेलं. चष्मा वर करून ते चित्राकडे बघत राहिले आणि म्हणाले, "अगं, तुझा पंखा हवा फेकतोय की ओढतोय?"

गरम पट्टा पंख्याच्या दिशेने गेला होता. मॅट्रिक्स उलटा वाचला की वाहणारी हवाही उलटी वाहते. अहवाल दुसऱ्या दिवशी जाणार होता.

तो थांबवला. आधीचे सगळे हिशेब पुन्हा तपासले. ते बरोबरच निघाले, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. त्यांच्या बरोबर असण्यात माझा काही वाटा नव्हता.

ही गोष्ट मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नव्हती. 2019 साली मात्र असं काही घडलं की माझा एकटीचा गाढवपणा अगदीच किरकोळ वाटायला लागला.

वरचा चौथा नियम आठवा. लापॅकच्या कित्येक रूटीन्सना एकेक अक्षर द्यावं लागतं, उदाहरणार्थ मॅट्रिक्सचा वरचा त्रिकोण घ्यायचा की खालचा. एकच अक्षर, त्याची लांबी कोण बघतंय? म्हणून सीमधून हाक मारणारे ती लांबी देतच नसत. संख्याशास्त्रवाल्यांच्या आर या भाषेत दिलेली नव्हती. खास सीसाठी बनवलेल्या सीब्लास आणि लापॅकई या जोडण्यांमध्येही नव्हती. आणि सगळं व्यवस्थित चालत होतं.

मग जीएनयूच्या फोरट्रान कंपायलरच्या नव्या आवृत्त्या आल्या. एखाद्या रूटीनचं शेवटचं काम दुसरीला हाक मारणं हेच असेल, तर हा कंपायलर नवी जागा न मांडता आपल्याला मिळालेल्या जागेतच पुढचीचा ऐवज ठेवू लागला. त्या ऐवजात लांबीही आली. पण लांबीसाठीची जागा हाक मारणाऱ्याने दिलेलीच नव्हती. पंगतीत शेवटचं पान मांडलेलं आहे असं धरून वाढप्याने आमटी ओतावी आणि तिथे पानच नसावं, तसं झालं. हाक मारणाऱ्याच्या मेमरीतलं भलतंच काही पुसलं जाऊ लागलं आणि आरचे प्रोग्रॅम मोडले.

चूक कुणाची यावर बरीच वादावादी झाली. नियमाने पाहिलं तर कंपायलरचं काही चुकलं नव्हतं, लांबी न देणारे चुकत होते. पण इतक्या जणांचं इतकी वर्षं चालत आलेलं मोडायचं कसं? शेवटी दोघांनीही पाऊल मागे घेतलं. कंपायलरमध्ये अशा जुन्या हाका सांभाळून घेणारी सोय आली आणि आरने त्याच वर्षी सीमधून लांबी पाठवायची रीत आणली.

तसा 2003 च्या फोरट्रान प्रमाणात सीशी बोलायचा रीतसर करार आलेला आहे. पण ब्लास आणि लापॅक त्याआधीची, त्यांना हाक अजून जुन्याच रिवाजाने मारतात. सायपायवाले गेल्या काही वर्षांत आपल्यातला जुना फोरट्रान एकेक करून दुसऱ्या भाषांमध्ये उतरवत आहेत, कारण तो सांभाळणारी माणसं कमी होत चालली. मला त्यांचं पटतं. तरी थोडं चुकल्यासारखंही होतं.

सर आता नाहीत. त्यांनी त्या संध्याकाळी मला रागावून काही म्हटलं नाही. फक्त एक सवय लावली: तपासायला कधीही सममित मॅट्रिक्स घ्यायचा नाही. तीन बाय तीनचा, सगळे आकडे वेगळे असलेला, उत्तर हाताने काढलेला घ्यायचा. मी अजून तेच करते.

भाचीला हेच पाठवलंय, तीन ओळींचा एक वेडावाकडा मॅट्रिक्स. म्हटलं, आधी कागदावर सोडव, मग पायथॉनला विचार. अजून उत्तर आलेलं नाही. असो. परीक्षा जवळ आलीय, समजून घेऊ.